सही माझीच, पण मर्जी माझी नव्हती

साहेब, राम राम.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. १९९७ ला तोफखान्यात भरती झालो. बोफोर्सच्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे एका तोफेवरच्या तुकडीत, होतो. २००३ ची युद्धबंदी होईपर्यंत एलओसीवर आमच्या तोफा गार पडायच्या नाहीत. कानात कापसाचे बोळे घालायचो, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी डावा कान गुणगुणायला लागला, मग उजवाही. २००६ मध्ये डॉक्टरांचं बोर्ड झालं आणि कानाची कायमची लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची खालची श्रेणी, लागली. तोफेवरून काढून स्टोअरला बसवलं. २००७ मध्ये ऑफिसात बोलावून इंग्रजीत छापलेले कागद पुढे ठेवले. 'हलकी ड्यूटी किती दिवस देणार? सही कर, घरी जा, पेन्शन मागून येईल,' असं सांगितलं. मी सही केली. तेव्हा नोकरी दहा वर्षांच्या आसपास झाली होती.

डिस्चार्ज बुकात कारण लिहिलंय 'ॲट हिज ओन रिक्वेस्ट'. पेन्शन आलं नाही. २००८ मध्ये एक पत्र आलं, की तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन देता येत नाही. ते पत्र आता सापडत नाही. बोर्डाचे कागद मला दिलेच नव्हते, तोंडी 'तीस टक्के' एवढंच ऐकलं होतं. गावात 'नाव कापून आला' म्हणतात. सासरे तर अजून चारचौघांत बोलून दाखवतात. आता मुलगा बारावीला आहे. इंजिनिअरिंगला डिफेन्स कोट्यातून अर्ज भरायचा म्हणून माजी सैनिकाच्या ओळखपत्रासाठी गेलो, तर 'ओन रिक्वेस्ट, पेन्शन नाही, कार्ड मिळणार नाही' असं उत्तर मिळालं. एक एजंट म्हणतो, साठ हजार द्या, कारण बदलून देतो आणि २००७ पासूनची सगळी थकबाकीही काढून देतो.

मला पैशापेक्षा ते वाक्य बदलून हवंय. सही माझीच आहे, पण मर्जी माझी नव्हती. काय करू?

— एक माजी लान्स नायक

राम राम.

आधी त्या एजंटला वाटेला लावा. डिस्चार्जचं कारण पैसे चारून बदलत नाही. बदललंच, तर सक्षम अधिकाऱ्याच्या किंवा आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे फौजेच्या न्यायाधिकरणाच्या, हुकमानं बदलतं, आणि तो हुकूम जुन्या कागदांवर उभा राहतो. कागद काढायला साठ हजार लागत नाहीत, माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. सगळ्या थकबाकीचं त्याचं आश्वासनही पोकळ आहे, ते का ते पुढे सांगतो. आणि डिस्चार्ज बुक त्याच्या हातात देऊ नका. झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

आता तुमची गोष्ट. पत्रात तुम्ही लिहिलंय, 'कागद पुढे ठेवले, सही केली.' कोणते कागद, हे लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही ते ठाऊक नाही. सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. तुमच्यासारख्या कॅटेगरी झालेल्या जवानाकडून त्या काळात दोन तऱ्हेच्या कागदांवर सह्या होत. एक म्हणजे अनविलिंगनेस सर्टिफिकेट. त्याचा मतलब एवढाच, की 'माझी कॅटेगरी कायमची खाली आली आहे, मला शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर, म्हणजे तब्येतीजोग्या हलक्या कामावर, पुढे नोकरी करायची नाही.' दुसरा म्हणजे मुदतपूर्व डिस्चार्जचा अर्ज. त्यात बहुधा घरगुती अडचण असते. आई आजारी, शेती बघायला कोणी नाही, वगैरे. दोन्हींच्या शेवटी डिस्चार्ज बुकात एकच ओळ उमटू शकते, 'ॲट हिज ओन रिक्वेस्ट'. पण कायद्याच्या नजरेत या दोन कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्या कागदाबद्दल नियम काय म्हणतो ते बघा. तुम्ही घरी आलात तेव्हा १९६१ ची पेन्शन रेग्युलेशन्स लागू होती. त्यातला १७३-ए हा नियम पाठच करून टाका. कायम लो मेडिकल कॅटेगरीत टाकलेल्या जवानाला त्याच्या तब्येतीजोगं दुसरं काम देता आलं नाही म्हणून घरी पाठवलं, किंवा ते काम घ्यायला तो तयार नव्हता म्हणून पाठवलं, किंवा असं काम देऊन ठेवलं आणि करार पुरा व्हायच्या आत पाठवलं, तर या तिन्ही प्रकारांत पेन्शनपुरता तो 'इनव्हॅलिड आउट' झाला, म्हणजे तब्येतीमुळे नोकरीतून काढला गेला, असंच धरायचं. मधला प्रकार पुन्हा वाचा. 'तयार नव्हता.' म्हणजे तुमची सही अनविलिंगनेस सर्टिफिकेटवर असेल, तर ती सही तुमच्या विरुद्ध जात नाही. नियमानं तीच तुम्हाला इनव्हॅलिड ठरवते. 'ही सही माझी नाही' किंवा 'बंदुकीच्या धाकावर घेतली' असलं काही शाबीत करायची तुम्हाला गरजच राहत नाही.

सही दुसऱ्या कागदावर असेल आणि त्यात 'वडील आजारी' असं लिहिलेलं असेल, तर काम अवघड आहे. अशक्य म्हणत नाही, कारण कॅटेगरी लागल्यावर चार-सहा महिन्यांत घरगुती अडचण अचानक उगवते आणि तिचा मजकूर आधीच छापलेला असतो, हे ट्रिब्युनललाही कळतं. पण तिथे तुम्हाला तारखांनी लढावं लागेल. शिवाय तुम्ही स्टोअरला बसलेला होतात, म्हणजे हलकं काम देऊन ठेवलं होतं आणि करार पुरा व्हायच्या आत घरी पाठवलं. नियमातला तिसरा प्रकार तिथे कामाला येतो.

म्हणून काहीही लिहायच्या आधी कागद काढा. अर्ज माहितीच्या अधिकारात करा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख आणि डिस्चार्जची तारीख डिस्चार्ज बुकात आहे तशीच लिहा. नावाचं स्पेलिंगसुद्धा तेच, आधार कार्डावरचं नको. या अर्जात 'माझ्यावर अन्याय का केला' असले प्रश्न विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, पण कागदाची प्रत द्यायला आहे. मागायचं ते असं: शीट रोलची, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदींच्या कागदाची, प्रमाणित प्रत, भरतीच्या वेळच्या डॉक्टरी तपासणीचा फॉर्म, २००६ च्या कॅटेगरीच्या बोर्डाचे कागद, डिस्चार्जच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, सगळ्या पानांसह, तुमची सही असलेलं अनविलिंगनेस सर्टिफिकेट किंवा डिस्चार्जचा अर्ज, जे असेल ते, डिस्चार्जला मंजुरी देणारा हुकूम, आणि २००८ चं पेन्शन नाकारणारं पत्र. हरवलेल्या पत्राची चिंता करू नका, त्याची ऑफिस कॉपी फाइलला असते. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही, तर पहिलं अपील करा.

हे या महिन्यातच करा असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवेचे कागद रेकॉर्ड ऑफिस पंचवीस वर्षं ठेवतं, नंतर नष्ट करतं. मग उरतो तो लाँग रोल, म्हणजे सगळ्या जवानांच्या नावांचं रजिस्टर, आणि त्यात एका ओळीपलीकडे फारसं काही नसतं. तुमची पंचवीस वर्षं २०३२ मध्ये भरतात. आमच्याकडे अशी पत्रं येतात, की वडील गेले, ट्रंकेत डिस्चार्ज बुक सापडलं, आता काय करता येईल. पुष्कळदा उत्तर एवढंच असतं, की कागद जळाले.

पाकीट आलं की घाईघाईत शेवटचं पान बघू नका. आधी तारखा एका कागदावर ओळीनं मांडा. कॅटेगरी कायमची कधी झाली, तुमची सही कोणत्या तारखेची, मंजुरी कोणत्या तारखेची, रिलीज बोर्ड कधी बसलं. मग मंजुरीच्या हुकमातला मजकूर वाचा. बऱ्याच हुकमांत वर विषय म्हणून लो मेडिकल कॅटेगरीतल्या जवानांचा डिस्चार्ज असं सरळ लिहिलेलं असतं, आणि नियमाच्या रकान्यात मात्र १३(३) तीन (चार) टाकलेलं असतं. आर्मी रूल्स १९५४ च्या तेराव्या नियमातल्या तक्त्यात कंसातलं हे 'चार' म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. त्याच्याच वरच्या ओळीतलं, कंसातलं 'तीन' म्हणजे पुढच्या नोकरीसाठी तब्येतीनं नालायक, आणि ते फक्त इनव्हॅलिडिंग बोर्डाच्या शिफारशीवरूनच करता येतं. एका आकड्याचा फरक दिसतो. पण 'तीन' लावायचं तर बोर्ड बसवावं लागतं, आणि 'चार'ला फक्त जवानाची सही पुरते. युनिटला कोणता रस्ता सोपा, हे तुम्हीच ओळखा. हाच आडरस्ता नायब सुभेदार राजपाल सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००८ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की लो मेडिकल कॅटेगरीचं कारण असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड टाळून दुसऱ्या कलमाखाली घरी पाठवता येत नाही. त्यांचं कलम तुमच्यापेक्षा वेगळं होतं, त्यामुळे निकाल जसाच्या तसा चिकटवू नका. तुमच्या अर्जात त्याचा आधार मात्र जरूर घ्या.

एएफएमएसएफ-१६ मध्ये दोन गोष्टी शोधा. एक, टक्के. तुम्ही ऐकलेले तीस खरोखर लिहिलेत का? वीसच्या खाली असतील तर डिसॅबिलिटी पेन्शनचं दार अडतं. दोन, बोर्डाचं मत, की हा आजार नोकरीमुळे झाला, नोकरीमुळे वाढला, की दोन्ही नाही. 'दोन्ही नाही' असं लिहिलेलं सापडलं तरी हातपाय गाळू नका. बोर्ड बहिरेपणाला 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे शरीराच्या मूळ प्रकृतीचा दोष, म्हणून मोकळं झालेलं असू शकतं. इथे भरतीचा फॉर्म कामाला येतो. धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तब्येत नोकरीतच बिघडली असं गृहीत धरायचं, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि संशयाचा फायदा जवानाला. भरतीच्या वेळी तुमचे कान धड होते, नाहीतर तुम्हाला तोफखान्यात घेतलंच नसतं. मग सहा वर्षं १५५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी उभं राहिलात. डिटॅचमेंटमध्ये तुमचा नंबर काय होता, तोफ डागताना तिच्यापासून किती हातांवर उभे असायचात, कानाला सरकारी संरक्षण काय मिळालं होतं, हे सगळं अर्जात लिहा. कापसाचे बोळेसुद्धा लिहा. पत्रात ते तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते ती तुमच्या केसमधली सगळ्यात वजनदार ओळ आहे. डिटॅचमेंटमधला एखादा जुना सोबती शपथपत्र द्यायला तयार असेल तर घ्या. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, कोणी ना कोणी निघतो.

आणखी एक तारीख तुम्ही नजरेआड केली आहे. 'दहा वर्षांच्या आसपास' म्हणजे नक्की किती? शीट रोलवरून पेन्शनसाठी धरायची नोकरी मोजून घ्या. समजा बोर्डाचं 'दोन्ही नाही' हे मत ट्रिब्युनलपुढेही टिकलं, तरी तुम्ही इनव्हॅलिड धरले गेलात आणि दहा वर्षं पुरी असतील, तर जुन्या नियमांप्रमाणे इनव्हॅलिड पेन्शन बसतं. ते डिसॅबिलिटी पेन्शनपेक्षा कमी असतं, पण पेन्शनच असतं आणि आयुष्यभराचं असतं. दहाला कमी पडत असतील, तर गोष्ट बदलते. म्हणून अंदाज नको.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणता, पैशापेक्षा ते वाक्य बदलायला हवं. मला ते समजतं. पण अर्ज मात्र पेन्शनचाच करा, आणि कारणाची दुरुस्ती त्याच्या पोटात मागा. असं का, ते ऐका. डिस्चार्ज ही एका दिवशी घडून गेलेली घटना. 'ते कारण चूक आहे, बदला' एवढंच घेऊन इतक्या वर्षांनी गेलात, तर पहिलाच प्रश्न येणार, की इतके दिवस कुठे होतात? आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे, पण तो त्यांच्या मर्जीचा. पेन्शनचं तसं नाही. न मिळालेलं पेन्शन म्हणजे दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय. तरसेम सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच हे तत्त्व मान्य केलंय. उशिरा आलात म्हणून दार बंद होत नाही, मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. एजंटच्या 'सगळ्या थकबाकी'ची हवा इथेच निघते. आणि पेन्शन द्यायचं तर ट्रिब्युनलला आधी ठरवावं लागणार, की हा माणूस खरोखर स्वतःहून गेला की तब्येतीमुळे गेला. म्हणजे तुमचं वाक्य आपोआप पटावर येतं.

ओळखपत्राचीही वाट तीच. तुम्ही ज्या काळात घरी आलात, त्या काळासाठी माजी सैनिकाची जी व्याख्या आहे, तिच्यात पेन्शन न कमावता स्वतःच्या विनंतीवरून आलेला माणूस बसत नाही. कार्यालयातल्या माणसानं तुम्हाला नियमच सांगितला, त्याच्यावर राग नको. त्याच व्याख्येत पुढे आहे, की नोकरीमुळे झालेल्या आजारानं घरी पाठवलेला आणि त्यासाठी मेडिकल किंवा डिसॅबिलिटी पेन्शन मिळालेला माणूस माजी सैनिकच. म्हणजे पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूम, हातात आला, की कार्डाचं कुलूप उघडतं. मुलाच्या या वर्षीच्या अर्जाला मात्र हे पुरणार नाही. ट्रिब्युनलच्या तारखा तुम्हाला ठाऊक नाहीत, मला आहेत. त्याचा फॉर्म या वर्षी ज्या प्रवर्गातून बसतो त्यातूनच भरा. कार्ड नसताना डिफेन्सच्या रकान्यावर खूण केली, तर कागद तपासणीत प्रवेश अडकेल आणि पोराचं वर्ष जाईल.

मधल्या एका सोयीचाही विचार करून ठेवा. कारण बदललंच नाही, 'ओन रिक्वेस्ट' तसंच राहिलं, तरी हात अगदी रिकामे राहत नाहीत. संरक्षण मंत्रालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या पत्रानं, १ जानेवारी २००६ नंतर घरी आलेल्यांना एक सवलत दिली. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला हे मान्य असेल, तो असूनही नोकरीत ठेवलं असेल आणि त्यापोटी एकरकमी भरपाई घेतलेली नसेल, तर स्वतःहून गेलेल्यालाही डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा, मिळतो. तुमचा डिस्चार्ज २००७ चा. २००८ मध्ये पेन्शन नाकारलं तेव्हा हे पत्र निघालेलंच नव्हतं, आणि निघाल्यावर ते तुम्हाला घरी येऊन कोणी सांगणार नव्हतं. म्हणून अर्जात दोन मागण्या एकाखाली एक ठेवा. आधी १७३-ए प्रमाणे इनव्हॅलिड धरून सर्व्हिस एलिमेंटसह, म्हणजे नोकरीच्या हिश्शासह, पूर्ण डिसॅबिलिटी पेन्शन. ते नाही, तर निदान २००९ च्या पत्राप्रमाणे डिसॅबिलिटी एलिमेंट. इनव्हॅलिड धरलं तर तीस टक्क्यांचे पन्नास धरायचा नियम आहे, तीही मागणी लिहा. निवृत्तीचं वय किंवा कराराची मुदत पुरी करून गेलेल्यांनाही तो फायदा द्यायचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार यांच्या खटल्यात २०१४ मध्ये दिला आहे.

अर्ज आधी रेकॉर्ड ऑफिसला, स्पीड पोस्टनं, पोच घेऊन. इंग्रजीत किंवा हिंदीत, दोन पानांच्या आत. सुरुवात 'माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे' अशी नको. साधारण अशी असू द्या: 'मी अमुक तारखेला वैद्यकीयदृष्ट्या पूर्ण सक्षम म्हणून भरती झालो. अमुक तारखेच्या बोर्डानं माझी श्रवणाची कॅटेगरी कायमची खाली आणली. त्यानंतर अमुक तारखेला शेल्टर्ड अपॉइंटमेंटबाबतच्या सर्टिफिकेटवर माझी सही घेण्यात आली आणि त्या आधारे मला डिस्चार्ज करण्यात आलं. पेन्शन रेग्युलेशन १७३-ए नुसार हा डिस्चार्ज इनव्हॅलिडमेंट धरला जावा, डिस्चार्ज बुक व सेवेच्या नोंदीत तशी दुरुस्ती व्हावी आणि मला डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर व्हावं.' 'सही घेण्यात आली' यापुढे जाऊ नका. धमकावलं, फसवलं, कोरा कागद होता, यातलं जे खरं नाही ते जोर यावा म्हणून घालू नका. तुम्ही मला लिहिलंत तेवढं पुरेसं आहे. कागद इंग्रजीत होता, पेन्शन येईल असं सांगितलं होतं, आणि तुम्ही विश्वास ठेवलात. आर्मी ॲक्टचं तेविसावं कलम सांगतं, की डिस्चार्जचं कारण सांगणारा दाखला जवानाला इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेतही द्यायचा. तुम्हाला मराठीत काही दिलं होतं का, आठवून बघा. नसेल दिलं, तर तेही एका वाक्यात लिहा. तेवढ्यानं केस जिंकता येत नाही, पण तुम्हाला काय कळलं होतं आणि काय नाही, हे त्यातून दिसतं.

सहा महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर ट्रिब्युनल. तुम्ही महाराष्ट्रात राहता, म्हणून मुंबईचं खंडपीठ. स्वतः उभं राहता येतं, पण माझा सल्ला वकील घ्या, आणि तोही फौजी पेन्शनची कामं करणारा. गावातला जमिनीचे दावे चालवणारा चांगला माणूस असेल, पण एएफएमएसएफ-१६ त्यानं कधी बघितलेला नसतो. फी आधी लेखी ठरवा. मिळणाऱ्या थकबाकीत टक्केवारी मागणारा असेल, तर उठून या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मोफत कायदेशीर मदतीचं विचारा. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वीर परिवार सहायता योजना २०२५ पासून याच कामासाठी आहे. ओळखपत्र नाकारलं त्याच कार्यालयात पुन्हा जायचं जिवावर येईल, पण तिथले लोक तुमच्या कागदांवरून एकदा नजर फिरवतील, तेवढं तरी पदरात पाडून घ्या.

इथेच एक चौकट वेगळी करतो, कारण या विषयावर दुसऱ्या एका घरातूनही पत्र आलंय. त्यांच्या मुलाच्या बुकात 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे नोकरीची गरज उरली नाही, असं आहे, चार लाल शाईच्या नोंदींवरून, म्हणजे शिक्षेच्या नोंदींवरून. तो रस्ता पूर्ण वेगळा. वरचा १७३-ए त्यांना लागू नाही. त्यांनी वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्याचा २०१५ चा निकाल शोधावा. चार रेड इंक एंट्री झाल्या म्हणजे आपोआप घरी, असं होत नाही. आधी प्राथमिक चौकशी हवी, नोकरीची वर्षं आणि कठीण ठिकाणची पोस्टिंग विचारात घ्यायला हवी. त्यांनी सविस्तर लिहावं, स्वतंत्र उत्तर देईन.

परत तुमच्याकडे. गावातल्या बोलण्याचं काय करायचं, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राचा अर्धा भार त्याचाच आहे. तुमच्या डिस्चार्ज बुकात कारणाच्या ओळीबरोबर 'कॅरॅक्टर' म्हणून आणखी एक ओळ आहे. तिथे काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाहीत. 'एक्झेम्प्लरी' किंवा 'व्हेरी गुड' असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतं, तर कोणाला बुक दाखवायची वेळ आली तर ती ओळ आधी दाखवा. फौजेत 'ओन रिक्वेस्ट' हा डाग मानत नाहीत. पळून गेलेल्याच्या कागदावर 'डेझर्टर' लिहितात, 'ओन रिक्वेस्ट' नव्हे. सासऱ्यांना हे कायद्यानं पटवायच्या भानगडीत पडू नका. आरटीआयचं पाकीट आलं, की २००६ च्या बोर्डाचा कागद मुलाला वाचायला द्या. बारावीतल्या पोराला तेवढं इंग्रजी येतं. आजोबांना काय सांगायचं, किती सांगायचं, ते त्याचं तो बघेल.

निकालाचा भरवसा मी देत नाही. सही कोणत्या कागदावर आहे हे कळेपर्यंत कोणी देत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय. अनविलिंगनेस सर्टिफिकेट निघालं आणि टक्के वीस किंवा जास्त असले, तर तुमची बाजू भक्कम आहे असं मी आजच म्हणेन.

ता.क. डिस्चार्ज बुक फाटायला आलंय म्हणून लॅमिनेशन करू नका. दुरुस्तीचा हुकूम झाला, तर बुक रेकॉर्ड ऑफिसला जातं आणि नोंदीवर शेरा, सही, शिक्का पडतो. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. पानं सुटी झाली असतील तर पारदर्शक पिशवीत ठेवा, आणि प्रत्येक पानाचा फोटो आजच मोबाइलवर काढून मुलाला पाठवून ठेवा.